दाताचा फोटो, तेव्हाचा आणि आताचा

सत्तरच्या दशकात पुण्याच्या शनिवार पेठेत दाताचा दवाखाना शोधायला पाटी वाचावी लागत नसे. मेहुणपुऱ्याच्या बाजूला एका वाड्याच्या जिन्याशी उभं राहिलं की लवंगेच्या तेलाचा वास खाली यायचा. लाकडी जिना, त्याला आधाराला दोर, आणि वर दोन खोल्या. पानशेतच्या पुरात, १२ जुलै १९६१ ला, नदीकडचे पुष्कळ वाडे बसले. हा जरा उंचावर असल्यानं टिकला. आजोबांची कवळी, वडिलांच्या दाढा आणि आम्हा भावंडांचे दुधाचे दात, सगळं त्याच दोन खोल्यांत झालं.

बाहेरच्या खोलीत बाकडं आणि जुने दिवाळी अंक. आतल्या खोलीत खुर्ची, आणि कोपऱ्यात भिंतीला घडीचा हात असलेलं एक्स-रेचं यंत्र. त्यावर बहुतेक वेळा पांढरं कापड असे. ते कापड निघालं की बाहेर बसलेल्यांनाही कळे, आज कुणाचं तरी दुखणं मोठं आहे. ‘फोटो काढावा लागेल’ असं डॉक्टर म्हणाले की आई पदर सावरून सरळ बसायची. हे वाक्य ते सहज बोलत नसत, हे तिला माहीत होतं.

त्याआधी बरंच काही झालेलं असे. आरशानं सगळं तोंड पाहायचं, अणकुचीदार सळईनं खड्डा चाचपायचा, आरशाच्या दांड्यानं एकेका दातावर टकटक करून ‘इथं? की इथं?’ विचारायचं, गार पाण्याची चूळ भरायला सांगायची, रात्री जास्त दुखतं का ते विचारायचं. गालाबाहेरून बोटं फिरवून सूज बघायची. कित्येकदा गोळ्या देऊन ‘परवा या’ म्हणत. परवाही ठणका असेल, तर कापड निघे.

मग तो सोहळा. बोटाच्या पेराएवढं पांढरं पाकीट तोंडात सरकवलं जाई. कडा टाळूला बोचत. ‘हं, आता बोटानं दाबून धर. श्वास घेतलास तरी चालेल, हलू मात्र नकोस.’ पेशंटनं स्वतःचंच बोट तोंडात घालून फिल्म धरायची, ही तेव्हाची रीत. यंत्राचं टोकदार प्लॅस्टिकचं नाक गालाला टेकायचं. डॉक्टर घड्याळाच्या तबकडीसारखा टायमर पिळायचे, लांब वायरीचं बटण हातात घ्यायचे आणि दाराबाहेर जायचे. कंपाउंडरही जायचा. क्षणभर गुणगुण, मग टक्. लहान भावाच्या वेळी आईनं त्याला मांडीवर घेऊन त्याचं डोकं धरलं होतं. ती काही दाराबाहेर गेली नव्हती. शिशाचा एप्रन म्हणजे काय, हे त्या दवाखान्यात कुणाला ठाऊक होतं असं मला वाटत नाही.

पुढचा भाग आम्हा मुलांच्या आवडीचा. टेबलावर हात घालायला दोन बाह्या आणि वर लाल काच असलेली पेटी होती, तिच्यात तीन भांडी: डेव्हलपर, पाणी, फिक्सर. डॉक्टर बाह्यांत हात घालून आत पाकीट फोडायचे. व्हिनेगरसारखा आंबूस वास सुटायचा. मग चिमट्याला लावलेली ओली फिल्म खिडकीच्या उजेडात धरून ते आईला दाखवायचे, ‘हा बघा, मुळाशी काळा ठिपका. पू आहे.’ पाकिटातून निघालेला शिशाचा चकचकीत पातळ वर्ख कंपाउंडर आम्हाला द्यायचा आणि आम्ही तो कंपासपेटीत जपून ठेवायचो. फिल्ममागं तो वर्ख असायचा तो मागून परतणारे किरण अडवायला. शिसं मुलांच्या हातात देऊ नये, हे आज कुठल्याही दवाखान्यातली मदतनीस सांगेल. वापरलेले वर्ख वेगळे साठवून द्यावे लागतात. तेव्हा ते खेळणं होतं.

आता या सगळ्याकडं मागं वळून पाहताना धोका कुठं होता, ते नीट सांगता येतं. ते टोकदार नाक सगळ्यात वाईट. नळीला बोट लावलं की पाणी जसं चहूकडं उडतं, तसे किरण त्या प्लॅस्टिकवर आपटून चेहराभर विखुरत. फिल्मही मंद होती. दंतवैद्यकात जिला ‘डी’ गतीची फिल्म म्हणतात ती १९५५ पासून चालू होती. तिच्याहून वेगवान ‘ई’ गतीची १९८१ मध्ये आणि ‘एफ’ गतीची २००० च्या सुमारास आली. मंद फिल्मला जास्त किरण लागतात, म्हणजे पेशंटलाही जास्त मिळतात. आणि पेटीतली घाई. फिल्म डेव्हलपरमध्ये वीस अंश तपमानाला चारपाच मिनिटं राहायला हवी. बाहेर दहा माणसं खोळंबलेली असली की डोळ्यांच्या अंदाजानं ती लवकर काढली जाई, आणि लवकर काढूनही चित्र काळं यावं म्हणून बटण जरा जास्त वेळ दाबलं जाई. जगभरच्या दवाखान्यांत ही सवय होती. तिची किंमत पेशंटच्या गालाला मोजावी लागे.

किती किंमत? किरणांची शरीरावरची मात्रा मायक्रोसिव्हर्टमध्ये मोजतात. अमेरिकेत जॉन लडलो आणि सहकाऱ्यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या मोजणीत, ‘डी’ फिल्म आणि टोकदार नाकाऐवजी गोल नळी वापरून सगळ्या तोंडाचे अठरा एक्स-रे काढले तर मात्रा ३८८ मायक्रोसिव्हर्ट भरली. म्हणजे एका फिल्मला वीसच्या आसपास. आमच्या पेठेतलं टोकदार नाक आणि पेटीतली घाई धरली तर याहून बरीच अधिक असणार. तरी एक गोष्ट पेठेतल्या आजच्या आजी-आजोबांना आवर्जून सांगावीशी वाटते: घाबरून जाण्यासारखं तेव्हाही नव्हतं. जमीन, हवा, अन्न आणि आकाशातून येणारे किरण मिळून माणसाला वर्षाला जागतिक सरासरीनं २४०० मायक्रोसिव्हर्ट मिळतात, दिवसाला साडेसहाच्या आसपास. म्हणजे ती एक जुनी फिल्म म्हणजे निसर्गाचे तीन दिवस. त्यातही आपली भूमी दख्खनच्या काळ्या पाषाणाची; ग्रॅनाइटच्या मानानं या दगडात युरेनियम आणि थोरियम फार कमी. केरळच्या चवरा-करुनागपल्ली किनाऱ्यावर मोनाझाइटच्या वाळूमुळं लोक पिढ्यान्‌पिढ्या याच्या कितीतरी पट किरणांत राहत आलेत.

खरी झळ लागली ती पेशंटांना नाही, पहिल्या पिढीच्या दंतवैद्यांना. रोंटगेननं ८ नोव्हेंबर १८९५ ला हे किरण पाहिले, आणि दोनच महिन्यांत, जानेवारी १८९६ मध्ये, जर्मनीतल्या ओटो वॉकहॉफनं स्वतःच्या दातांचं चित्र घेतलं. पंचवीस मिनिटं तो किरणांसमोर होता. न्यू ऑर्लिन्सचे एडमंड केल्स हे तर दातांच्या एक्स-रेचे मोठे प्रसारक. यंत्र जुळवायला ते वारंवार स्वतःचा हात किरणांत धरत. आधी बोटं गेली, मग हात, मग खांद्यापर्यंतची भुजा, आणि १९२८ मध्ये त्यांनी जीवन संपवलं. बोस्टनचे विल्यम रोलिन्स १९०१ पासून सांगत होते की हे किरण जीव घेऊ शकतात, यंत्राला आवरण घाला, डोळ्यांवर शिशाची काच लावा, लागेल तेवढ्याच भागावर झोत पाडा. त्यांचं फारसं कुणी ऐकलं नाही. आमच्या डॉक्टरांचं दाराबाहेर जाणं मी आज आठवतो तेव्हा मला ते पेशंटला सोडून जाणं वाटत नाही. पेशंटला आयुष्यात चारदोनदा, तर त्यांना वर्षानुवर्षं त्या खोलीत उभं राहायचं होतं.

आमच्या त्या जिन्याचा वाडा नव्वदच्या दशकात पडला. तिथं आता चार मजली इमारत आहे, खाली झेरॉक्स आणि स्टेशनरी, वर क्लासेस आणि दवाखाने. ओंकारेश्वरापासून अप्पा बळवंत चौकापर्यंत चालत गेलं तर दाताच्या पाट्या मोजता मोजता रस्ता संपतो. १९८९ मध्ये धनकवडीला भारती विद्यापीठाचं दंत महाविद्यालय निघालं, मग आणखी निघाली, आणि पूर्वी पेठेत एखादाच असणारा दाताचा डॉक्टर गल्लोगल्ली झाला. यंत्रंही त्याच वेगानं आली. त्यांच्यावर देखरेख मात्र फार मागं राहिली, आणि या आठवणींतला मला सर्वांत टोचणारा भाग तोच आहे.

देशात किरणांच्या सुरक्षेसाठी अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ साली स्थापन झालं, तेही आपल्या मुंबईतच, अणुशक्तीनगरला. सर्वोच्च न्यायालयानं २००१ मध्ये प्रत्येक राज्यात किरणसुरक्षेचं संचालनालय हवं असं सांगितलं. आणि २०१२ मध्ये महालेखापरीक्षकांचा, म्हणजे कॅगचा, अहवाल आला तेव्हा देशातल्या ५७,४४३ वैद्यकीय एक्स-रे केंद्रांपैकी मंडळाकडं नोंद होती फक्त ५,२७० ची. शंभरातली एक्क्याण्णव नोंदीशिवाय चालत होती. राज्यांची संचालनालयं केरळ आणि मिझोराम सोडून कुठंच उभी राहिली नव्हती. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत भंगारात गेलेल्या किरणोत्सारी कोबाल्टनं एका माणसाचा जीव घेतला, तेव्हा वर्तमानपत्रं काही दिवस या विषयानं भरून गेली. पण आपल्या गल्लीतलं यंत्र गळतंय का, त्याची नळी सरळ आहे का, हे विचारायला कुणी यावं, अशी सोय त्या काळात जवळपास नव्हतीच. आमच्या डॉक्टरांचा प्रामाणिकपणा हीच आमची सुरक्षा होती. ती पुरेशी होती असं मी म्हणणार नाही. पेठेतला प्रत्येक पेशंट त्यांच्याकडंच जात नव्हता.

आता मंडळाची ई-लोरा नावाची ऑनलाइन नोंदणी आहे. दाताच्या यंत्रालाही मंडळानं मान्यता दिलेला नमुना, नोंदणी आणि ठरावीक काळानं तपासणी लागते. ज्या दवाखान्यात नोंदणीचा कागद भिंतीवर लावलेला दिसतो तिथं मला बरं वाटतं. तो नसेल तर विचारण्यात काहीही वावगं नाही. विशेषतः कॅमेऱ्यासारखं हातात धरून चालवायचं छोटं यंत्र कुणी काढलं, तर त्याला मंडळाची मान्यता आहे का, हे अवश्य विचारावं. स्वस्तात मिळालेल्या, मान्यता नसलेल्या यंत्रातून झिरपणारे किरण पेशंटला आणि ते धरणाऱ्या तरुण डॉक्टरलाही मिळतात.

आतली खोली तर ओळखूच येत नाही. लाल काचेची पेटी गेली, आंबूस वास गेला. फ्रान्समधल्या फ्रान्सिस मुयाँ यांनी ऐंशीच्या दशकात फिल्मऐवजी तोंडात ठेवायचा सेन्सर बनवला. आपल्याकडं सगळे त्याला आरव्हीजी म्हणतात. वायर असलेली ती चपटी डबी आजही टाळूला बोचतेच, पण ती धरायला प्लॅस्टिकचा होल्डर असतो; बोट तोंडात घालावं लागत नाही. बटण दाबल्यावर दोनतीन सेकंदांत समोरच्या पडद्यावर दाढ दिसते, हाताएवढी मोठी. नळी पुढून उघडी आणि आतून शिशाची असते. तिचं तोंड गोल न ठेवता सेन्सरच्या मापाचं चौकोनी केलं, तर लडलो यांच्याच मोजणीत अठरा एक्स-रेंची मिळून मात्रा ३५ वर येते. म्हणजे एकाला दोन मायक्रोसिव्हर्ट, निसर्गाचे सातआठ तास. गोल नळी असली तर दीड दिवस. सगळा जबडा एका चित्रात दाखवणारा ओपीजी दोन ते चार दिवसांचा.

आणि गंमत नाही, दुःखाची गोष्ट आहे, की मात्रा इतकी उतरली तेव्हाच भीती चढली. आमच्या आईनं भावाला मांडीवर घेताना एक प्रश्न विचारला नव्हता. आज तिची नातसून दोन मायक्रोसिव्हर्टच्या चित्रासाठी रात्रभर फोनवर वाचत बसते. २०१२ मध्ये अमेरिकेत येल विद्यापीठाच्या एलिझाबेथ क्लॉस यांच्या अभ्यासात दातांचे एक्स-रे आणि मेंदूच्या आवरणाची मेनिंजिओमा नावाची गाठ यांचा संबंध दिसला होता. तो अजून घराघरांत फिरतो. तो अभ्यास लोकांनी आपल्या लहानपणी किती एक्स-रे काढले हे आठवून सांगण्यावर उभा होता, आणि ते एक्स-रे त्या जुन्या, जड मात्रेच्या काळातले होते. गाठ झालेला माणूस मागचं जास्त खोदून आठवतो. त्यावरून आजच्या सेन्सरबद्दल काही ठरवणं बरोबर नाही.

एप्रनचंही तसंच. आमच्या वेळी नव्हताच, मग नव्वदनंतर आला आणि सुरक्षेची खूण होऊन बसला. तो घातला नाही की पेशंट रागावतात. पण फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकन डेंटल असोसिएशननं सांगितलं की दातांच्या एक्स-रेला पेशंटला एप्रन आणि गळ्याची पट्टी नेहमी घालण्याची गरज उरलेली नाही. झोत इतका नेमका झालाय की पोटापर्यंत जवळजवळ काही पोचत नाही, उलट पट्टी चित्राच्या आड आली तर एक्स-रे पुन्हा काढावा लागतो. आपल्याकडं एप्रन अजून भिंतीवर असतो आणि मनाच्या समाधानासाठी घातला तर माझी तक्रार नाही. पण चौकोनी झोत एप्रनपेक्षा कितीतरी जास्त राखण करतो, आणि त्याबद्दल मात्र कुणी विचारत नाही.

गरोदरपणाबद्दल तर जुनी रीत अगदी चुकीची होती. नऊ महिने दाताला हात लावायचा नाही, असा घरोघर नियम. माझी आत्या गालाला गरम फडकं बांधून महिनेच्या महिने बसलेली मी पाहिली आहे. आज डॉक्टर सांगतात, गरज असेल तर एक्स-रे काढा; हिरड्यांतला पू अंगात ठेवणं आईला अधिक घातक. मुलांची पेशीवाढ जोरात असते, किरणांचा परिणाम त्यांच्यावर अधिक, म्हणून तिथं हात आखडता हवा, हे खरं. पण हात आखडता म्हणजे बंद नव्हे.

जे माझ्या मते हरवलंय ते वेगळंच. तेव्हाच्या यंत्रात काही सुरक्षित नव्हतं, पण फोटो काढण्याआधीचा विचार सुरक्षित होता. फिल्मला पैसे पडत, डेव्हलपर उन्हाळ्यात खराब होई, पेटीत हात घालून दहा मिनिटं जात. म्हणून डॉक्टर आधी बघत, ठोकत, विचारत, दोन दिवस थांबत. आणि काढलेली फिल्म खाकी पाकिटात, नाव-तारीख-दात लिहून, लाकडी खणात जाई. वडिलांची दाढ पाच वर्षांनी पुन्हा दुखली तेव्हा आधी जुनं पाकीट निघालं. नवा फोटो काढलाच नाही.

आता एक क्लिक फुकट वाटते. ‘तपासणी, सफाई आणि ओपीजी’ असं पॅकेज असतं. तोंड उघडायच्या आधी हनुवटी यंत्रात. माझ्या एका मित्राच्या बायकोनं एका अक्कलदाढेसाठी तीन ठिकाणी मत घेतलं आणि तिन्ही ठिकाणी ओपीजी काढला, कारण आधीचा कुणी मागितला नाही आणि तिनं नेला नाही. इम्प्लांटसाठी किंवा जबड्याच्या हाडात रुतलेल्या दाढेसाठी त्रिमितीय चित्र देणारी सीबीसीटी फार उपयोगी, पण तिची मात्रा झोताच्या आकारानुसार काही दहांपासून कित्येक शेकडो मायक्रोसिव्हर्टपर्यंत जाते. ती ‘एकदा बघून टाकू’ म्हणून काढायची वस्तू नाही. मंडळाच्या नियमांत सामान्य माणसासाठी, निसर्गाकडून मिळतात ते किरण सोडून, वर्षाला एक मिलिसिव्हर्टची, म्हणजे हजार मायक्रोसिव्हर्टची, मर्यादा आहे, पण पेशंटला स्वतःच्या उपचारासाठी मिळणाऱ्या किरणांना मर्यादाच नाही, कारण तिथं कायद्यानं डॉक्टरच्या निर्णयावर भरवसा ठेवलाय. त्या निर्णयाला कारण असायला हवं. ‘डॉक्टर, यानं उपचारात काय बदलेल?’ हे शांतपणे विचारलं, तर चांगला डॉक्टर रागावत नाही.

मागच्या श्रावणात नातवाच्या शाळेतल्या तपासणीत दाढांमध्ये कीड निघाली, तेव्हा सून त्याला त्याच नव्या इमारतीतल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेली. मीही बरोबर होतो. त्यांनी आधी त्याच्याशी पतंगांच्या गप्पा मारल्या, मग आरसा घेतला, वाऱ्याच्या पिचकारीनं एकेक दाढ कोरडी करून पाहिली, आणि सुनेला विचारलं, ‘मागं कुठं एक्स-रे काढला होता का?’ कोथरूडच्या दवाखान्यात काढला होता. सुनेनं फोनमधून चित्र शोधून दिलं. त्यांनी ते पडद्यावर टाकून मोठं केलं, बराच वेळ पाहिलं. ‘यात दोन्ही बाजू स्वच्छ दिसताहेत. खड्डा वरच आहे, डोळ्यांना दिसतोय. आज नवीन नको. याला कीड लवकर लागतेय, त्यामुळं सहा महिन्यांनी पुन्हा बघू, तेव्हा वाटलं तर बाइटविंग एक्स-रे काढू, दोन्ही बाजूंचे एकेक.’ मग त्यांनी सुनेला ते चित्र तारखेसकट एका फोल्डरमध्ये ठेवायला लावलं, आणि ‘दुसऱ्या कुणाकडं गेलात तर हे आधी दाखवा’ असं दोनदा सांगून फिलिंगचं सामान काढलं.